पुन्हा पुन्हा पडणारा म्हैसासुर

मुलांनो, डोळे मिटा बरं. चोरून बघायचं नाही. आता डोळ्यांपुढे एक ओटा आणा. शेणानं सारवलेला, उन्हानं तडकलेला. मागे कुडाची भिंत. भिंतीला टेकून नऊ वर्षांची कमू बसली आहे आणि तिच्या मांडीवर तिचा चार वर्षांचा भाऊ, बाबल्या, मान टाकून पडला आहे. कमूच्या एका हातात पेला, दुसऱ्या हातात चमचा. पेल्यात मीठ-साखरेचं पाणी आहे.

"पाणी," बाबल्या म्हणतो.

"थांब जरा. वळण येऊ दे."

कमूचा एक कान भावाच्या श्वासाकडे आहे आणि दुसरा देवळाकडे. देवळात संबळ वाजतो आहे. वाजवणारा तिचा बाप आहे.

डोळे उघडलेत तरी चालेल. आता ही मुलगी पाणी हातात असून वाट का बघते आहे, ते सांगतो.

सूर्यमाळच्या अंगाला, मोखाड्याच्या डोंगरात एक पाडा आहे. त्या काळी तिथे वीज नव्हती आणि उन्हाळ्यात पाणीही नसायचं. विहिरीचा तळ दिसायला लागला की बाया ओढ्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. त्या वर्षी त्या पाण्यातून आजार आला. उलट्या आणि जुलाब. आठवड्याभरात दोन म्हातारी माणसं गेली. कमूची आई रुपी हिला आदल्या दिवशी जीपमध्ये घालून जव्हारला दवाखान्यात नेलं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात पाड्याचा बोहाडा होता.

बोहाडा म्हणजे देवांची सोंगं नाचवायचा सण. लाकडाचे रंगवलेले मोठे मुखवटे चढवून माणसं नाचतात. गणपती येतो, सरस्वती येते, राक्षस येतात आणि शेवटी देवी म्हैसासुराला मारते. सारी रात्र मशाली जळत असतात, चार पाड्यांची माणसं मैदानात दाटीनं बसतात आणि पाण्याच्या एकाच पिंपात सगळ्यांचे पेले बुडतात.

ते पिंपच नर्सबाईंच्या डोळ्यांपुढे होतं. आशालताबाई त्यांचं नाव. दोन पाड्यांचे आजारी त्या एकट्या बघत होत्या. देवळापुढे उभं राहून त्या भगताला म्हणाल्या, "लक्ष्मणदादा, या वर्षी मैदान बंद ठेवा. हात जोडते."

लक्ष्मण भगत पाड्याचा मोठा माणूस, देवीची पूजा तोच करायचा. मनानं वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. घाबरलेला माणूस मोठ्यानं बोलतो.

"मैदान बंद? आन् देवी काय घरात कोंडायची? बाय, दोन माणसं गेली ती पाण्यानं का देवीच्या रागानं, तुला काय ठाऊक?"

"पाण्यानं. आणि चार पाडे एका पिंपावर आले तर आणखी जातील."

"बोहाडा चुकला तर सगळाच पाडा जाईल!"

पुंजा, म्हणजे कमूचा बाप, बाजूला उभा होता. तो शाळेत शिपाई होता. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, गुरुजींचा चहा करायचा. वर्षभर त्याला कोणी काही विचारत नसे. पण बोहाड्याला कमरेला संबळ बांधला की तोच पुंजा निराळा दिसायचा. त्याच्या आज्यापासून संबळ त्यांच्या घरात होता. हातून ठोका चुकला असं कधी झालं नव्हतं. सोंग घेणारे म्हणायचे, मुखवट्यातून समोरचं दिसत नाय, आमी पुंजाच्या संबळावर पाय टाकतो.

तो हळूच म्हणाला, "दादा, मी एकटा देवळात वाजवतो, आज दिवसाउजेडी. सगळी सोंगं, गणपतीपासून देवीपत्तुर. लोकांनी आपापल्या ओट्यावर बसून ऐकायचं. सोंग कोणतं आलं ते ठोक्यावरून पोरालाबी कळतं."

"मुखवटे?"

"भिंतीवर राहू देत. देवी बघंल."

"आन् रातचा बोहाडा दिवसा?" भगत म्हणाला. "देवांना ऊन लागंल."

"माणसं आजारी आहेत दादा," आशालताबाई म्हणाल्या. "उजेड असेल तर कोण कसं आहे ते मला दिसेल."

भगतानं एकदा देवळाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाजव. पण ऐक, पुंजा. संबळ मधी तुटला तर काय करायचं ते तुला ठाऊक हाय."

पुंजाला ठाऊक होतं. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. सोंग चालू असताना संबळ तुटला, म्हणजे ठोका मधेच थांबला, तर अपशकुन झाला असं समजायचं आणि सगळ्यांनी, लहानमोठ्यांनी, मैदानात धावायचं. सोंग पुन्हा पहिल्यापासून काढेपर्यंत घरी जायचं नाही.

"तुटला तर मी मैदान उघडणार," भगत म्हणाला. "मग बाय, तू आडवी येऊ नको."

"नाही येणार," आशालताबाई म्हणाल्या. पण त्यांनी पुंजाकडे पाहिलं ते असं, की त्यानं मान खाली घातली.

त्याच दुपारी बाबल्याला उलट्या सुरू झाल्या.

कमूनं घाबरून त्याला पेलाभर पाणी एकदम पाजलं आणि ते सगळं बाहेर आलं. आशालताबाई धावत आल्या. त्यांनी पाणी कालवलं, अंगातलं पाणी किती आटलंय ते बघायला बाबल्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली.

"असं एकदम ओतायचं नाही गं! पोटात काही राहत नाही मग. दोन चमचे द्यायचे. मग थांबायचं. मग पुन्हा दोन चमचे. घड्याळ आहे घरात?"

कमूनं मान हलवली. घड्याळ शाळेत होतं, तेही बंद पडलेलं.

तेवढ्यात देवळात पुंजा संबळ तापवून गणपतीचे ठोके वाजवून बघत होता. सोंग नाचत नाचत पुढे जातं, मग गर्रकन वळून मागे फिरतं. त्या वेळी ठोका बदलतो. त्याला वळण म्हणतात. आशालताबाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. एक वळण झालं. दुसरं झालं. दोन्हींमधलं अंतर हवं तेवढंच होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघ कमू. वळण आलं की दोन चमचे. त्याच्या आधी नाही. जमेल?"

"जमंल."

"आधी दिलंस तर पुन्हा उलटी होईल. मला पलीकडच्या पाड्यावर जायलाच हवं, तिथे तिघं पडलेत. संध्याकाळी जीप घेऊन येते. तोवर तू आणि तुझे बाबा."

जाता जाता त्यांनी देवळाच्या दारातून पुंजालाही ते सांगितलं. पुंजानं ऐकलं. घराकडे एकदा बघितलं आणि संबळाची दोरी कमरेला आवळली. पाड्यात दुसरा वाजवणारा नव्हता. त्याचा भाऊ भिवंडीला कामाला गेला होता आणि भगताचा पुतण्या सोम्या अजून शिकत होता.

संबळ सुरू झाला.

मुलांनो, असा बोहाडा कोणी पाहिला नसेल. पाहिला म्हणणंसुद्धा खरं नाही, कारण बघायला काहीच नव्हतं. रिकामं मैदान, त्यावर ऊन. पण प्रत्येक ओट्यावर माणसं बसली होती. आजारी माणसांच्या खाटा दाराशी ओढून आणल्या होत्या.

कमूच्या समोरच्या ओट्यावर कोंडीआजी डोळे मिटून बसली होती. ती मोठमोठ्यानं सांगायची, म्हणजे तिच्या आजारी म्हाताऱ्याला आतून ऐकू जावं.

"आला गं गणपती! आला डुलत. बघ कसं पोट सांभाळतोय."

"तुला दिसतोय व्हय?" म्हातारा आतून ओरडला.

"तुमच्यापरीस बरा दिसतोय."

सगळ्या ओळीत हशा पिकला. पोरांनी पळसाच्या पानांना भोकं पाडून तोंडाला बांधली आणि ती आपापल्या अंगणात नाचायला लागली. अंगणाबाहेर पाय टाकायचा नाही, असं आयांनी दटावलं होतं. एका अंगणात दोन गणपती झाले आणि त्यांची मारामारी जुंपली.

वळण आलं. कमूनं दोन चमचे दिले.

देवळात पुंजानं वळण वाजवलं आणि मनात म्हणाला, दोन चमचे. मग सरस्वती आली मोरावर बसून, तिचा ठोका हलका. वळण. दोन चमचे. समोर मुखवटे भिंतीवर टांगलेले होते, पण पुंजाला दिसत होता तो आपला ओटा. दारात लक्ष्मण भगत हाताची घडी घालून उभा होता. तो पापणीही हलवत नव्हता.

एकामागून एक सोंगं येऊन गेली. बाबल्याची उलटी थांबली होती. एकदा तो कोंडीआजीचं ऐकून किंचित हसलाही. कमूला वाटलं, आता संध्याकाळ गाठू.

मग ऊन कलायला लागलं आणि म्हैसासुर आला.

त्याचा ठोका जमिनीतून येतो. पोरं नाचायची थांबली आणि आयांना बिलगली. मग देवीचा ठोका त्यात मिसळला आणि लढाई सुरू झाली.

आता जी गोष्ट आशालताबाईंना ठाऊक नव्हती, ती तुम्हाला सांगतो. त्यांनी गणपतीच्या वळणावर घड्याळ लावलं होतं. पण म्हैसासुराच्या लढाईला वळण नसतं. राक्षस मागे फिरत नाही आणि देवीही फिरत नाही. तो पडला की मगच वळण वाजतं, एकदाच. आणि तो लवकर पडत नाही. भात शिजून निवून जाईल इतका वेळ लढाई चालते.

कमूला बोहाड्याची सगळी सोंगं पाठ होती. पण तिला सांगितलं होतं, वळणाच्या आधी द्यायचं नाही. आदल्या दिवशी आईला नेलं तेव्हा कमू नुसती बघत राहिली होती. दुपारी तिच्या हातून चूक झाली होती आणि बाई तिला रागावल्या होत्या. आता तिला चुकायचं नव्हतं.

ती चमचा भरून बसली.

लढाई चालली होती. बाबल्याला पुन्हा जुलाब झाला, नुसतं पाणी. कमूनं त्याला पुसलं आणि पुन्हा मांडीवर घेतलं.

"पाणी."

"थांब रं. म्हैसासुर पडू दे."

"कवा पडंल?"

"पडंल आता."

बाबल्याचे ओठ कोरडे पडले. त्याचे डोळे अर्धे उघडे होते, पण तो कुठेच बघत नव्हता. कमूनं बाईंसारखी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"कोंडीआजी," कमूनं हाक मारली.

"ऐक, ऐक पोरी!" आजी डोळे मिटून डोलत होती. "पुंजाच्या हातात आज देवी बसली हाय. असा म्हैसासुर मी जल्मात ऐकला नाय."

कमूनं चमचा बाबल्याच्या ओठांशी नेला आणि पुन्हा मागे घेतला. थोडं पाणी सांडलं. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती आणि वळणाची वाट बघत होती.

देवळात पुंजाचे दोन्ही हात आपोआप चालले होते. इतका चांगला संबळ कधी वाजला नव्हता. घाम डोळ्यांत उतरत होता. मिटल्या डोळ्यांपुढे म्हैसासुर शिंगं उगारत होता, देवी एक पाऊल पुढे टाकत होती. आणि सवयीनं त्याच्या मनानं ओटा शोधला. दोन चमचे, असं म्हणायला.

मग त्याच्या लक्षात आलं की पुष्कळ वेळात तो ते म्हणालाच नव्हता.

त्याचे डोळे उघडले. आपल्या लेकीला तो ओळखत होता. जमंल, असं म्हणाली म्हणजे ती मोडणार नाही. ती वाट बघत असेल. म्हैसासुर पडेपर्यंत ती वाट बघेल.

ओरडून ऐकू जाईल इतकं घर जवळ नव्हतं. भगताला सांगायचं तर हात थांबवल्याशिवाय या आवाजात काही कळलं नसतं. हात थांबला की संबळ तुटला. संबळ तुटला की सगळा पाडा आजाऱ्यांसकट मैदानात. पिंप भरून ठेवलेलंच होतं. देवळाच्या दारातून ते त्याला दिसत होतं.

आणि वळण वाजवायचं तर राक्षस अजून उभा होता. त्याच्या आज्यानं, त्याच्या बापानं, कोणीही लढाईच्या मध्यावर वळण वाजवलं नव्हतं. ओट्याओट्यावर बसलेल्या प्रत्येक कानाला ती चूक कळणार होती. शेंबड्या पोरालासुद्धा.

पुंजानं ओठ चावला आणि वळण वाजवलं.

ओट्यांवरच्या माना देवळाकडे वळल्या.

"अगं बया," कोंडीआजीनं डोळे उघडले. "पडला? इतक्यात?"

कमूलाही ते खरं वाटेना. हे चुकीचं आहे, हे तिला आजीच्याही आधी कळलं होतं. पण वळण ते वळण. तिनं बाबल्याचे ओठ बोटानं उघडले आणि चमचा रिकामा केला. पाणी ओठांच्या कडेनं वाहून गेलं. दुसरा चमचा. पाणी तोंडात राहिलं. मग गळा हलला.

तोवर संबळ पुन्हा लढाईवर आला होता. ठोका तुटला नव्हता. जोरात, जमिनीतून आल्यासारखा, म्हैसासुर पुन्हा उठला होता.

भगतानं हाताची घडी सोडली. "पुंजा!" तो ओरडला. "काय करतोस?"

पुंजानं त्याच्याकडे पाहिलं नाही. मनातल्या मनात त्यानं गणपतीचं एक वळण मोजलं आणि पुन्हा वाजवलं.

"परत पडला!" कोणीतरी हसलं. "आरं, म्हैसासुर हाय का दारू प्यालेला पाव्हणा?"

"पुंज्याला उनानं घेरी आली."

पोरांना मजा वाटली. पानाचे मुखवटे पुन्हा चढले आणि संबळ वळला की सगळे म्हैसासुर धपाधप अंगणात पडायला लागले. ठोका बदलला की पुन्हा उठायचे.

कमू हसत नव्हती. दुसऱ्या वळणाला तिनं चमचा भावाच्या तोंडाशी नेला आणि मान वर करून देवळाकडे पाहिलं. देवळाचं फक्त शिखर दिसत होतं. तिसऱ्या वळणाची वाट बघताना तिचे डोळे भरून आले, आणि आपण का रडतोय हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

त्या वर्षी म्हैसासुर पुन्हा पुन्हा पडला. देवी दमली असेल. पण संबळ कुठेही तुटला नाही, मैदान रिकामंच राहिलं आणि खऱ्या वळणावर जेव्हा राक्षस कायमचा पडला, तेव्हा कोणी हात जोडले नाहीत. आता तरी हा पडून राहील का, ते सगळे बघत होते.

जीप आली तेव्हा दिवस बुडायला थोडा अवकाश होता. आशालताबाई उतरल्या त्या सरळ कमूच्या ओट्यावर आल्या. त्यांनी बाबल्याची जीभ पाहिली, पोट पाहिलं. त्याच वेळी बाबल्यानं कमूची मांडी ओली केली.

"मुतला!" कमू घाबरून म्हणाली.

आशालताबाई मटकन खाली बसल्या. "मुतू दे," त्या म्हणाल्या. "मुतू दे गं बाई. अंगात पाणी राहिलंय. आता नाही भीती." मग त्यांनी कमूच्या डोक्यावर हात ठेवला. "आईसुद्धा बरी आहे. परवा येईल."

त्या पुढच्या घरी गेल्या. पुंजा आला तो त्यानंतर. ओट्याओट्यांवरून माणसं त्याला बघत होती.

"पुंजाभाऊ, म्हैसासुर मेला का बसलाय उठून?"

"देवीला लिंबू-सरबत द्या रं कुणी!"

तो तसाच पुढे चालत आला. घरी येऊन बाबल्याजवळ बसला. लेकराच्या कपाळाला हात लावला, छातीला लावला. पोराची झोप साधी होती. पुंजाच्या बोटांची सालं निघाली होती.

"बा," कमूनं विचारलं, "संबळ कुठं हाय?"

"देवळात."

"घरी नाय आणला?"

"आता सोम्या वाजवंल. भगतदादा म्हणला, ज्याच्या हातात सोंग मोडलं त्याच्या घरात संबळ राहत नाय. बरोबर हाय त्याचं."

"पण तू त्याला सांगितलंस का? माझं, चमच्याचं?"

"नाय."

"का?"

पुंजा हसला. शाळेत गुरुजींनी चहा गार झाला म्हटल्यावर हसायचा, तसं. "सोंग मोडलं ते मोडलं. कारण सांगून जुळतं व्हय? बाबल्या हाय ना. झालं. तू बी कुणाला सांगू नको. जा, चूल पेटव."

कमू उठली. चुलीपर्यंत गेली. काटक्या हातात घेतल्या आणि तशाच खाली ठेवल्या.

मग ती ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. अंगणाबाहेर जायची बंदी होती, म्हणून ती तिथेच थांबली. समोर कोंडीआजी भाकरी थापत होती. लक्ष्मण भगताचं घर ओळीच्या पार टोकाला होतं.

"कोंडीआजी," कमू म्हणाली, "म्हैसासुर का पडत होता, सांगू?"

"कमू," आतून पुंजाची हाक आली. "गप."

बापाचं तिनं कधी मोडलं नव्हतं. ती वळली नाही. तिनं सांगितलं. बाईंचं घड्याळ, गणपतीचं वळण, भरलेला चमचा, बाबल्याचे ओठ. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला. कोंडीआजीचा हात भाकरीवर थांबला. शेजारच्या ओट्यावरची बाई उभी राहिली, तिच्या पलीकडचा माणूस दारात आला. ओळीतलं बोलणं थांबत थांबत गेलं. टोकाच्या घरातून मात्र कोणी बाहेर आलं नाही.

कमूनं जरा वेळ तिकडे पाहिलं. मग तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आता आणखी मोठ्यानं.